जुनं स्वयंपाकघर, मोजका खर्च, आपले हात : आधी काय हलवायचं नाही ते ठरवा

पटाशी

जुनं स्वयंपाकघर कमी खर्चात आणि जमेल तितकं स्वतःच्या हाताने नवं करणं, हा या धाग्याचा विषय. पुरती माहिती नसताना तोडफोड सुरू होते आणि मग खर्च आवरत नाही, असं बऱ्याच ठिकाणी पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं असं, की काय बदलायचं हे ठरवण्याआधी काय हलवायचं नाही ते पक्कं करा. सिंक, सांडपाण्याची नळी, गॅसची जोडणी आणि विजेचे मुख्य पॉइंट आहेत तिथेच राहिले, तर बाकीचं बहुतेक काम घरच्या घरी, टप्प्याटप्प्याने, पैसे हाताशी येतील तसं करता येतं. सिंक सरकवायचं म्हटलं की गणित बदलतं. सांडपाण्याच्या आडव्या नळीला साधारण ४० ला १ असा उतार लागतो, म्हणजे मीटरभर लांबीला अडीच सेंटीमीटर. सिंक दीड मीटर लांब नेलं तर नळीचं तोंड जवळजवळ चार सेंटीमीटर वर येतं. तेवढी जागा मिळाली नाही तर फरशी फोडणं आलं, आणि फरशी फुटली की जुन्यासारखी फरशी शोधणं आलं.

शांतपणे उभं राहून बघा. स्वयंपाकघर जुनाट दिसतं ते पल्ल्यांमुळे, हँडलमुळे, टाइल्सच्या फटींत भरलेल्या आणि आता काळ्या पडलेल्या ग्राउटमुळे आणि छताच्या मधोमध लटकणाऱ्या एकुलत्या एका दिव्यामुळे. यातलं काहीही बदलायला भिंत पाडावी लागत नाही.

पहिली तपासणी कपाटांच्या सांगाड्याची. सगळी कपाटं रिकामी करा आणि टॉर्च घेऊन आत बघा. सिंकखालच्या कपाटाचा तळ आणि मागची बाजू आधी. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, पाणी पिऊन एकदा फुगला की वाळला तरी पूर्ववत होत नाही. स्क्रू ड्रायव्हरचं टोक जरा दाबून बघा, आत रुतलं तर ती फळी गेली. मग सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. कर्णात चार-पाच मिलिमीटरचा फरक असेल तर सांधे घट्ट करून, मागे नवी पातळ प्लायची पाठ ठोकून चौकट सरळ करता येते. सांगाडा धड असेल तर तो टाकू नका, नव्या स्वयंपाकघराच्या खर्चातला मोठा वाटा त्यातच जातो.

पैसे कुठे घालायचे याबद्दल माझं मत ठाम आहे. रोज हात लागतो तिथे : ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या चॅनेलमध्ये, बिजागऱ्यांमध्ये, नळात, ओट्यावरच्या उजेडात. पल्ले रंगवून भागतं, पण हलक्या चॅनेलवर भरलेला ड्रॉवर वर्षभरात कुरकुरायला लागतो. आणि एकूण अंदाजाच्या १० ते १५ टक्के रक्कम अलग ठेवा. जुन्या घरात कपाट सरकवलं की मागे काय निघेल याचा नेम नसतो.

पल्ले रंगवण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सगळ्यात स्वस्तात सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो आणि घाई केली तर सगळ्यात लवकर बिघडतंही तिथेच. पल्ले बिजागऱ्यांसकट उतरवा. प्रत्येक पल्ल्याच्या बिजागरीच्या खाचेत आकडा लिहून त्यावर चिकटपट्टी लावा, म्हणजे तो रंगाखाली जाणार नाही. मग धुलाई. स्वयंपाकघरातल्या पल्ल्यांवर वर्षानुवर्षांचा तेलकट थर असतो, तो नुसत्या ओल्या फडक्याने निघत नाही. धुण्याच्या सोड्याचं कोमट पाणी किंवा भांड्यांचा कडक साबण, आणि त्यानंतर दोनदा साध्या पाण्याने पुसणं. साबणाचा अंश राहिला तरीही रंग धरत नाही. पूर्ण वाळल्यावर १५० किंवा १८० नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमर, मग २२० नंबरचा हलका हात आणि वर एनॅमलचे दोन पातळ थर. जाड एक थर दिला तर तो कडांना ओघळतो आणि आतून ओला राहतो. पाण्यातलं एनॅमल काही तासांत हाताला कोरडं लागतं, पण पुरतं कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतं. तोवर पल्ले जपून वापरायचे, घासून पुसायचे नाहीत.

प्रश्न, अनुभव, हरकती सगळं लिहा.

निळीशाई

पटाशीदादा, नेमक्या वेळी धागा आला. आमच्या कपाटांचे पल्ले लाकडाचे नाहीत, चकचकीत लॅमिनेट आहे. त्यावर रंग टिकतो का? दुकानदार म्हणतो काहीच होत नाही, लावा खुशाल. शेजारच्या ताई म्हणतात सोलून निघतो.

ओळंबा

निळीशाई ताई, शेजारच्या ताई बरोबर सांगताहेत, निदान बऱ्याच अंशी. मी लॅमिनेट रंगवायच्या विरोधात आहे. सपाट जागेवर रंग टिकतो, पण हँडलभोवती, सिंकखालच्या पल्ल्यांच्या वरच्या कडेला आणि शेगडीच्या शेजारी तो आधी उठतो. नख, पाणी आणि उष्णता, तिन्ही तिथेच एकत्र येतात.

त्यापेक्षा जुन्या लॅमिनेटवर नवं लॅमिनेट चिकटवा. जुना पृष्ठभाग ८० नंबरच्या पेपरने खरवडून त्याची चकाकी पूर्ण घालवायची. काँटॅक्ट अॅडहेसिव्ह दोन्ही बाजूंना लावायचं आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. मग पल्ल्यावर थोड्या थोड्या अंतराने सुक्या काठ्या ठेवून नवा पत्रा त्यावर धरायचा, जागेवर आला की मधली काठी काढून दाबायचं आणि कडेकडे जायचं. हे चिकटवण एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून काठ्या. पत्रा चारही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर मोठा कापायचा आणि शेवटी कानसेने कड साफ करायची. कानस नेहमी आत, फळीच्या दिशेने चालवा, उलट चालवली तर लॅमिनेटचे टवके उडतात.

एक गोष्ट आधी तपासा. पल्ल्यावर खरंच लॅमिनेट आहे का, की एमडीएफवर (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळीवर) चढवलेली पीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकची, पातळ झिल्ली? कोपऱ्यात नखाने उचलून बघा. शेगडीजवळच्या पल्ल्यांची झिल्ली उष्णतेने सुटलेली असते. तिच्यावर रंगही नको आणि लॅमिनेटही नको. आधी हॉट एअर गनने ती पूर्ण सोलून काढायची.

पटाशी

ओळंबा, शेगडीशेजारच्या पल्ल्यांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. सरसकट मात्र नाही. लॅमिनेट रंगवायचं असेल तर साधा प्रायमर चालत नाही, चकचकीत पृष्ठभागाला धरणारा बाँडिंग प्रायमर लागतो. आणि कोणावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः चाचणी घ्या. एका पल्ल्याच्या आतल्या बाजूला हातभर जागेत पूर्ण पद्धतीने रंग लावा, आठवडाभर वाळू द्या. धारदार कटरने दोन-दोन मिलिमीटरवर उभ्या-आडव्या रेघा मारून चौकटी पाडा, वर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चौकटी जागच्या जागी राहिल्या तर पुढे जा. पट्टीबरोबर निघाल्या तर ओळंबांची पद्धत धरा. रंगाचे कारखानेही रंगाची पकड अशाच रेघा पाडून तपासतात.

निळीशाई

ही चाचणी या रविवारी करते. दोघांचेही आभार!

वेलांटी

ड्रॉवरबद्दल लिहा ना कोणीतरी. ओट्याखाली खोल कप्पे आहेत, मागची भांडी काढायला जमिनीवर बसावं लागतं. आईचे गुडघे दुखतात, तिच्यासाठी हे सगळ्यात आधी करायचंय.

गुण्या

वेलांटी, अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. माझ्या मते रंग, टाइल्स सगळं नंतर. कप्प्यांचे ड्रॉवर करणं हा जुन्या स्वयंपाकघरातला सर्वांत उपयोगी बदल आहे आणि साधी करवत, ड्रिल आणि काटकोन तपासायचा गुण्या असेल तर तो घरी होतो.

ओटा साधारण ६० सेंटीमीटर खोल असतो. कप्प्यात हात पोचतो तो पुढच्या अर्ध्या भागात. म्हणून चॅनेल घेताना पूर्ण बाहेर येणारं घ्या. अर्धवट उघडणारं स्वस्त पडतं, पण मागची भांडी पुन्हा अंधारातच राहतात.

मोजमापात एक आकडा पाठ करा. बॉल बेअरिंगच्या बाजूच्या चॅनेलला दर बाजूला १२.७ मिलिमीटर जागा लागते. म्हणजे कपाटाच्या आतल्या मोकळ्या रुंदीतून २५.४ वजा केले की ड्रॉवरच्या पेटीची बाहेरची रुंदी. मी २६ वजा करतो. पेटी अर्धा-एक मिलिमीटर लहान झाली तर चॅनेलमागे कागदाची पट्टी घालून भागतं, मोठी झाली तर पेटी पुन्हा उघडावी लागते. रुंदी पुढे, मधे आणि मागे अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात लहान आकडा धरा. जुनी कपाटं क्वचितच तिन्ही ठिकाणी सारखी भरतात.

पेटीला १२ मिलिमीटरचा प्लाय पुरतो. तळ मात्र जड भांड्यांसाठी ९ मिलिमीटरचा, बाजूंना खाच पाडून त्यात बसवलेला. नुसता खालून ठोकलेला तळ वजनाने सुटतो. चॅनेलवर किती किलो पेलतं ते लिहिलेलं असतं, त्यात ड्रॉवरचं स्वतःचं वजनही धरा.

कपाटाच्या चौकटीची पट्टी आत आलेली असेल तर चॅनेल थेट बाजूच्या फळीला लावता येत नाही, मधे तेवढ्या जाडीची लाकडी पट्टी द्या. आणि जुने पल्ले तसेच ठेवायचे असतील तर ते पूर्ण ९० अंशांच्या पुढे उघडतात का ते आधी बघा. नाहीतर ड्रॉवर बाहेर येताना पल्ल्याच्या कडेला घासतो.

वेलांटी

केवढं नेमकं लिहिलंत! आजच तीन ठिकाणी मोजून घेते. सर्वांत जड भांडी कुठल्या ड्रॉवरमध्ये ठेवू?

गुण्या

दोन ड्रॉवर होत असतील तर वरच्यात. आईंना वाकावं लागणार नाही. खालचा कमी लागणाऱ्या पण हलक्या वस्तूंसाठी.

स्थपती_म

मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे. मूळ मुद्द्याला थोडा इतिहास जोडते, कारण त्यातून जागेबद्दलची भीती कमी होते. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की यांनी फ्रँकफुर्टमधल्या कामगार वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखलं ते जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होतं. तसली सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा, बसून काम करता यावं म्हणून स्टूल, कोरड्या जिनसांसाठी हाताने उपसता येतील असे अॅल्युमिनियमचे खण. जागा वाढवून नाही, हालचाल मोजून त्यांनी काम सोपं केलं.

तुम्हीही तेच करा. पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात कामाच्या त्रिकोणाची कल्पना मांडली गेली. सिंक, शेगडी आणि फ्रिज या तिघांना जोडणाऱ्या रेषांची बेरीज साधारण ४ ते ८ मीटर असावी. सिंक आणि शेगडी हलवायची नाही हे पटाशींचं म्हणणं मला पटतं. पण फ्रिज हलतो! अनेक घरांत एवढ्यानेच त्रिकोण सुधारतो आणि खर्च होतो तो एका सॉकेटचा.

दुसरं, ओट्याची उंची. सरसकट ८५ ते ९० सेंटीमीटर धरतात. पण ती मोजायची ती रोज काम करणाऱ्या माणसावरून. कोपर काटकोनात वाकवा, कोपरापासून १० ते १५ सेंटीमीटर खाली ओटा हवा. ओटा ठेंगणा असेल तर तो फोडू नका. चिरण्याच्या जागी जाड फळी पायांवर बसवून उंची मिळते. उंच माणसाची पाठ वाचते आणि घरातल्या ठेंगण्या माणसाला फळी उचलून ठेवता येते.

सुरमाडी

ओट्याचा दगड बदलायचा विचार आहे. मी आणि भाऊ मिळून २० मिलिमीटरचा ग्रॅनाइट बसवू शकू का?

ओळंबा

नका. ग्रॅनाइटचं वजन हिशेबाने बघा. २० मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे सुमारे ५४ किलो. दोन मीटर लांब आणि ६० सेंटीमीटर रुंद तुकडा ६५ किलोचा होतो, शिवाय सिंकसाठी कापलेल्या भोकाशी तो सगळ्यात कमकुवत असतो. उचलताना वाकला तर तिथेच तडकतो, आणि खाली कोणाचे तरी पाय असतात. हे काम ज्यांचं रोजचं आहे त्यांना द्या. स्वतः करायचं तर लॅमिनेटचा तयार ओटा घ्या, तो करवतीने कापता येतो. फक्त सिंकसाठी कापलेल्या कडेला सीलंट किंवा इपॉक्सीचे दोन हात दिल्याशिवाय सिंक बसवू नका. ती उघडी कड पाणी प्यायली की पटाशींनी लिहिलेली फुगण्याची गोष्ट सुरू.

मागच्या भिंतीच्या टाइल्सबद्दलही लिहून टाकतो. जुन्या टाइल्सवर नव्या बसवता येतात. आधी प्रत्येक टाइल लाकडी मुठीने ठोकून ऐका. पोकळ आवाज आला ती काढा आणि ती जागा भरून घ्या. उरलेल्या खरवडा, तेलकटपणा घालवा, आणि पॉलिमर मिसळलेलं सी-टू वर्गाचं टाइल अॅडहेसिव्ह वापरा. जुन्या चकचकीत टाइलवर साधं सिमेंट पकडत नाही. नवा थर अॅडहेसिव्ह धरून १०-१२ मिलिमीटर पुढे येतो. तेवढी सॉकेटची पेटी पुढे घ्यावी लागते आणि नळाच्या जोडण्यांना लांब निपल (जोडणीचा छोटा नळीचा तुकडा) लागतं. हे टाइल घेण्याआधी मोजा. टाइल मोजलेल्या क्षेत्रापेक्षा १० टक्के जास्त आणा, नंतर त्याच छटेची मिळण्याची खात्री नसते.

निर्झर

कोणीच लिहिलं नाही म्हणून कळकळीने लिहिते. फार जुनं घर असेल तर खरवडण्याआधी थांबा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, बऱ्याच देशांत त्याच्याही नंतर. कोरडा पॉलिश पेपर मारला की ते धुळीतून लहान मुलांच्या पोटात जातं. तपासणीचा संच मिळतो, तो वापरा, आणि शंका असेल तर पाणी शिंपडत ओलं घासा, मुलांना काम संपून सफाई होईपर्यंत लांब ठेवा. तसंच जुन्या व्हिनाइल फरशा, त्यांच्याखालचं काळं चिकटवण आणि सिमेंटचे पत्रे यांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. ते फोडू नका, कापू नका. फरशी धड असेल तर तिच्यावरच नवी घाला.

गॅसच्या नळीला हात लावायचा नाही, ते परवानाधारकाचंच काम. पण एवढं सगळ्यांना माहीत असावं : टाकीतला एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका, तो वर छताकडे जातो. गळती ओळखणारा सेन्सर म्हणून एकाला खाली आणि दुसऱ्याला वर लावायचा. कपाटं नवी करताना शेगडीखालच्या कपाटातली हवेची झरोकेदार जाळी झाकून टाकू नका.

उजेड_वारा

निर्झर ताईंना +१. विजेचंही तसंच. २००० वॉटचं एक उपकरण २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर घेतं. तशी दोन एका जुन्या वायरीवर चालली की भिंतीत वायर तापते. जड उपकरणांना स्वतंत्र लाइन आणि ३० मिलिअँपिअरचा, वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, रंगाआधी.

दिवे मात्र आपण लावू शकतो. छताचा दिवा आपल्या पाठीमागे असतो, म्हणून ओट्यावर आपलीच सावली पडते आणि चिरण्याची जागा सगळ्यात अंधारी. वरच्या कपाटांच्या तळाला एलईडी पट्टी लावा, आणि ती भिंतीलगत न लावता पुढच्या कडेच्या जवळ लावा. मागे लावली की उजेड टाइल्सवर पडतो आणि ओटा तसाच राहतो. पट्टी अॅल्युमिनियमच्या पन्हळीत दुधी झाकणासकट बसवा, उष्णता निघून जाते आणि डोळ्यांवर टिपके येत नाहीत. रंग तापमान ३००० ते ४००० केल्विन, रंग खरे दिसण्याचा निर्देशांक ९० च्या वर. मीटरला १० वॉटची तीन मीटर पट्टी म्हणजे ३० वॉट, तिला किमान ४० वॉटचा ड्रायव्हर (पट्टीला वीज पुरवणारा डबा) द्या. ड्रायव्हर ८० टक्क्यांच्या वर सतत राबवला की लवकर जातो.

निळीशाई

मग कामाचा क्रम काय धरायचा? आमच्या घरी स्वयंपाक बंद ठेवता येणार नाही.

पटाशी

वीज आणि नळ आधी, कारण भिंतीत खोदावं लागलं तर ते रंगाच्या आधी झालेलं बरं. मग टाइल्स, मग भिंतींचा आणि छताचा रंग, मग ड्रॉवर, शेवटी पल्ले आणि हँडल. पल्ले एकदम सगळे उतरवू नका, एका भिंतीचे घ्या. उघडी कपाटं वापरता येतात. पाण्याची आणि शेगडीची बाजू एकाच वेळी कधीही बंद ठेवू नका.

हँडल बदलणार असाल तर जुन्याच्या दोन भोकांतलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. बहुतेक ९६, १२८ किंवा १६० मिलिमीटर असतं. तेच माप घेतलं तर भोकं बुजवून नवी पाडायचं काम पूर्ण वाचतं. बिजागरीचे स्क्रू ढिले फिरत असतील तर भोकात लाकडी काड्या फेव्हिकॉल लावून ठोका, वाळल्यावर कापा आणि त्याच जागी पुन्हा स्क्रू बसवा. पार्टिकल बोर्ड भुसभुशीत झाला असेल तर याने भागत नाही, तिथे लाकडाची चकती चिकटवावी लागते.

वेलांटी

शेवटचा प्रश्न. ओटा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत ग्राउट भरलं तर चालेल? आत्ता जे आहे ते काळं पडून निघतंय.

ओळंबा

ग्राउट नको. ओटा आणि भिंत वेगवेगळ्या हलतात, ग्राउट कडक असतं, म्हणून तिथे ते तडकतंच. सिलिकॉन भरा. ओटा दगडाचा असेल तर न्यूट्रल सिलिकॉन घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं आम्लाचं असतं, ते संगमरवरासारख्या दगडाला डागतं. जुनं सिलिकॉन असेल तर पूर्ण खरवडून स्पिरिटने पुसा, कारण नवं सिलिकॉन जुन्यावर चिकटत नाही. फटीच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, एका दमात धार सोडा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच ओढा आणि सिलिकॉन ओलं असतानाच पट्ट्या काढा. चोवीस तास पाणी लागू देऊ नका.